माध्यमिक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी कथनलेखनाचे व्याकरणिक विश्लेषण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जून २००० पासून महाराष्ट्रातील शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. तत्पूर्वी मराठी माध्यमाचा विद्यार्थी पाचवीत प्रथम इंग्रजी मुळाक्षरे गिरवीत असे. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी मार्च २०१० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली आणि दहा वर्षे इंग्रजी शिकूनही मुलांना चार वाक्ये शुद्ध लिहिता येत नाहीत, ही तक्रार अकरावीच्या वर्गावर शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या बोलण्यात रुळली. या तक्रारीला संशोधनाचे रूप देणारे लेखन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. एम.फिल.चे लघुप्रबंध, चर्चासत्रांतील निबंध आणि महाविद्यालयीन नियतकालिकांतील लेख यांत माध्यमिक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनाचे व्याकरणिक विश्लेषण हा एक हमखास विषय होऊन बसला. त्यातही कथालेखनाला विशेष पसंती मिळते, कारण मुद्द्यांवरून अथवा दिलेल्या प्रारंभावरून कथा लिहिणे हा प्रकार शालेय परीक्षांतून दीर्घकाळ रुळलेला असल्यामुळे नमुने सहज हाती येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. पदवी बंद झाली; तिने घडविलेली संशोधनाची घडी मात्र बंद झालेली नाही.

ही घडी सर्वांच्या परिचयाची आहे. दोन-चार शाळा निवडावयाच्या, काही विद्यार्थ्यांकडून एक कथा लिहून घ्यावयाची, चुकांखाली रेघा ओढावयाच्या, त्या चुका काळ, उपपदे, शब्दयोगी अव्यये, वचन, कर्ता-क्रियापद संगती, शब्दक्रम अशा रकान्यांत घालावयाच्या, शेकडेवारी काढावयाची आणि शेवटी ‘मातृभाषेचा प्रभाव हे प्रमुख कारण असून उपचारात्मक अध्यापनाची गरज आहे’ असा निष्कर्ष लिहावयाचा. या पद्धतीत कष्ट नाहीत असे नव्हे. परंतु तिच्यातून हाती येते ते कथेचे व्याकरण नव्हे. ज्या वाक्यांची तपासणी झाली ती एका कथेत होती, ही गोष्ट तक्त्यात शिरताच नाहीशी होते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप मुख्यतः याच मुद्द्यावर आहे. कथनाला स्वतःचे व्याकरण असते. काळ कोठे बदलावा, उपपद कोठे यावे, दुसऱ्याचे बोलणे कसे आणावे हे कथनात वाक्यापलीकडून ठरते. ते दृष्टीआड केल्यामुळे जो विद्यार्थी खरोखर काही सांगू पाहतो तोच तक्त्यात सर्वाधिक सदोष ठरतो.

चुकांचा तक्ता आणि त्याची गृहीतके

या प्रकारच्या अभ्यासांत पिट कॉर्डर यांच्या १९६७ च्या निबंधाचा उल्लेख बहुधा असतोच. शिकणाऱ्याच्या चुका हा कचरा नसून त्याच्या मनात आकार घेत असलेल्या भाषाव्यवस्थेचा पुरावा आहे, हे कॉर्डर यांचे म्हणणे होते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या व्यवस्थेला ‘आंतरभाषा’ हे नाव दिले. आपल्याकडील लेखांच्या ‘सैद्धांतिक पार्श्वभूमी’ या प्रकरणात ही दोन्ही नावे आदराने येतात आणि पुढच्या प्रकरणात मात्र ज्या दृष्टीविरुद्ध कॉर्डर लिहीत होते तीच दृष्टी राबविली जाते. चूक ही केवळ उणीव म्हणून मोजली जाते. अज्ञानातून घडणारी पद्धतशीर चूक आणि घाईत घडलेला प्रमाद असा भेद कॉर्डर यांनी केला होता. हा भेद कागदावरील एका रूपावरून ठरत नाही. त्यासाठी तेच रूप त्या विद्यार्थ्याने इतरत्र कसे लिहिले हे पाहावे लागते, आणि शक्य तेथे विद्यार्थ्यालाच विचारावे लागते. शाळेत जाऊन नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकाला हे अवघड नसते. पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आणल्यावर तो मार्ग बंद होतो.

दुसरे गृहीतक अधिक घातक आहे. ज्याच्या लेखनात चुका कमी, त्याचे व्याकरण चांगले, असे तक्ता धरून चालतो. जॅकलिन शाक्टर यांनी १९७४ मध्येच या समजुतीतील दोष दाखवून दिला होता. इंग्रजीतील संबंधी उपवाक्यांच्या बाबतीत चिनी व जपानी भाषक विद्यार्थ्यांच्या चुका फारसी व अरबी भाषकांपेक्षा कमी आढळल्या. परंतु त्याचे कारण असे की, चिनी व जपानी विद्यार्थी अशी वाक्ये लिहिण्याचे टाळत होते. जे वापरलेच नाही त्यात चूक होत नाही. शाक्टर यांचा हा निबंध आपल्याकडील संदर्भसूचींत क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी त्याचा तक्त्यावर परिणाम झालेला आढळत नाही.

एक नमुना

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून दोन लहान उतारे घेऊ. ते कोणा एका विद्यार्थ्याचे नाहीत. नववी-दहावीच्या वर्गांवर शिकविणाऱ्या कोणत्याही शिक्षकाच्या ओळखीची वाक्ये घेऊन ते येथे नमुन्यादाखल रचले आहेत. पहिला उतारा असा : ‘वन्स देअर वॉज अ फार्मर. ही हॅड फोर सन्स. दे वेअर लेझी. द फार्मर वॉज सॅड.’ दुसरा उतारा पुराच्या अनुभवाचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा व कृष्णेच्या पुराने शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला. ‘एक अनुभव’ लिहावयास सांगितले तर येथील मुलांना विषय शोधावा लागत नाही. तो उतारा असा : ‘व्हेन वॉटर केम इन अवर लेन, दॅट टाइम माय ग्रँडमदर वॉज नॉट रेडी टू लीव्ह द बफेलो. शी टोल्ड दॅट आय विल नॉट कम. माय फादर अनटाइड द बफेलो अँड होल्ड द रोप अँड वी ऑल आर वॉकिंग इन द वॉटर.’

नेहमीच्या पद्धतीने मोजल्यास पहिल्या उताऱ्यात १६ शब्द आणि चूक एकही नाही. दुसऱ्यात ४१ शब्द आणि किमान सहा चुका आहेत : ‘वॉटर’मागे उपपद नाही, ‘दॅट टाइम’ अनावश्यक, ‘सेड’ऐवजी ‘टोल्ड’, अप्रत्यक्ष कथनात पुरुष व काळ बदललेला नाही, ‘हेल्ड’ऐवजी ‘होल्ड’, आणि भूतकाळाच्या कथनात ‘आर वॉकिंग’. काटेकोर परीक्षक ‘इन’खालीही रेघ ओढील आणि सात म्हणेल. तक्त्याच्या हिशेबी पहिला विद्यार्थी निर्दोष आणि दुसरा उपचारात्मक अध्यापनास पात्र ठरतो.

आता केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील चौथी, आठवी व बारावीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी वापरलेले माप लावून पाहावे. एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली सर्व गौण वाक्ये मिळून एक घटक होतो. त्याला ते ‘टी-युनिट’ म्हणतात. इयत्तेबरोबर या घटकाची सरासरी लांबी वाढते, असे त्यांना आढळले. पहिल्या उताऱ्यात असे चार घटक आहेत आणि सरासरी चार शब्दांची पडते. दुसऱ्यातही घटक चारच आहेत, मात्र सरासरी सव्वादहा शब्दांची आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याने कालवाचक गौण वाक्य केले आहे, दुसऱ्याचे बोलणे ‘दॅट’ने वाक्यात घेतले आहे, एका कर्त्याची दोन क्रियापदे जोडली आहेत. यांपैकी एकही रचना पहिल्या उताऱ्यात नाही. ती विद्यार्थ्याला येते की येत नाही, हे त्या उताऱ्यावरून कळण्याचा मार्गच नाही; आणि शेतकऱ्याच्या चार आळशी मुलांची गोष्ट कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेतून पाठ करता येते, ही गोष्ट निराळी.

हंट यांचे मापही पुरेसे नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. लांब वाक्य म्हणजे चांगले वाक्य नव्हे. परंतु ज्या तक्त्यात लांबीची नोंदच नाही त्यात एकूण शब्दांच्या प्रमाणात तरी चुका द्याव्यात, एवढी किमान अपेक्षा ठेवावयास हरकत नसावी.

दुसऱ्या उताऱ्यातील उपपदांकडे पुन्हा पाहिले म्हणजे तक्ता काय हरवून बसतो हे ध्यानात येते. ‘वॉटर’ प्रथम येते तेव्हा उपपद नाही. शेवटी ‘इन द वॉटर’ असे आहे. ‘बफेलो’ पहिल्याच उल्लेखात ‘द’ घेऊन येते, कारण ती घरची म्हैस आहे. सांगणाऱ्याच्या मनात ती आधीपासून ठरलेली आहे. म्हणजे नवी गोष्ट उपपदाविना आणावयाची आणि ठाऊक असलेली गोष्ट ‘द’ने दाखवावयाची, असा एक नियम हा लेखक पाळतो आहे. इंग्रजीच्या नियमाशी तो पूर्ण जुळत नाही, परंतु त्याच्या अगदी जवळ आहे. ज्या विद्यार्थ्याने ‘द’ कोठेही टाकला आहे आणि ज्याने असा नियम पाळून एका जागी गाळला आहे, ते दोघेही तक्त्यात ‘उपपदाची चूक : एक’ या एकाच घरात बसतात. त्यांना शिकवावयाचे मात्र एकच नसते.

मुद्द्यांचे व्याकरण

या अभ्यासांतील एक दोष इतका उघड आहे की, तो कोणाच्या नजरेस कसा येत नाही याचे नवल वाटते. कथालेखनासाठी जे मुद्दे दिले जातात ते स्वतःच कोणत्या इंग्रजीत असतात? ‘पुअर वुडकटर – कट्स ट्री निअर रिव्हर – अ‍ॅक्स फॉल्स इन वॉटर – फेअरी अपिअर्स’ ही त्यांची परिचित धाटणी आहे. मुद्द्यांत उपपदे गाळलेली असतात, क्रियापदे साध्या वर्तमानकाळात असतात, वाक्ये अर्धी असतात. वृत्तपत्राच्या मथळ्यासारखे हे व्याकरण मुद्द्यांपुरते योग्यच आहे. विद्यार्थी हे शब्द तसेच उचलून ‘वुडकटर कट्स ट्री निअर रिव्हर’ असे लिहितो. अभ्यासक त्यात उपपदाच्या तीन आणि काळाची एक चूक नोंदवितो आणि मराठीत उपपदे नसल्यामुळे असे झाले, असे कारण देतो. ही चूक मराठीतून नव्हे, प्रश्नपत्रिकेतून आली असण्याचा संभव अधिक. मुद्द्यांतील शब्द विद्यार्थ्याने जसेच्या तसे घेतले तेथे त्यांची वेगळी नोंद केल्याखेरीज अशा विश्लेषणाला अर्थ उरत नाही.

दिलेल्या प्रारंभावरून कथा पूर्ण करण्याच्या प्रकारात ही अडचण कमी होते, कारण प्रारंभाचे वाक्य पूर्ण आणि बहुधा भूतकाळात असते. तेथे दुसरा प्रश्न उभा राहतो : विद्यार्थी तो भूतकाळ किती दूर टिकवितो आणि कोठे सोडतो? हा प्रश्न खरोखर कथनाच्या व्याकरणाचा आहे. त्याचे उत्तर वाक्ये सुटी करून मिळत नाही.

परीक्षेचा प्रकार कोणत्या चुका दिसतील हेही ठरवितो. कर्ता-क्रियापद संगतीच्या चुका कथालेखनात कमी आढळल्या म्हणून विद्यार्थ्यांना तो नियम चांगला कळला आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. इंग्रजी भूतकाळात ‘वॉज’ व ‘वेअर’ सोडले तर क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. त्याच विद्यार्थ्यांकडून दिनक्रमावर परिच्छेद लिहून घेतला असता तर आकडे पार वेगळे आले असते.

मराठी कथनाचे व्याकरण

मातृभाषेचा प्रभाव हे कारण या लेखांत इतक्या सहजपणे येते की, त्याला पुराव्याची गरजच वाटत नाही. ज्या रचनांत दोन भाषा भिन्न, तेथे अडचण येणार, असे रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये मांडले होते. हा नियम मराठीला लावून पाहावा. मराठीच्या भूतकाळातील सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे कर्मणी व भावे प्रयोग. ‘मुलाने भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, कर्त्याला ‘ने’ लागतो. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांची जी सविस्तर चर्चा केली आहे ती पाहिली म्हणजे इंग्रजीपासूनचे हे अंतर किती मोठे आहे याची कल्पना येते. लाडो यांच्या नियमानुसार भूतकाळातील कथा लिहिताना मराठी मुलांनी पदोपदी ‘बाय द बॉय’ असे लिहावयास हवे होते. प्रत्यक्षात असे वाक्य शिक्षकाला क्वचितच भेटते. सर्वांत मोठ्या भेदाने सर्वांत मोठी अडचण निर्माण होत नसेल, तर प्रभाव कोठे पडतो आणि कोठे पडत नाही हे प्रत्येक ठिकाणी दाखवून द्यावे लागेल.

तो कोठे पडतो याचा शोध वाक्यरचनेपेक्षा कथनरीतीत घेतल्यास अधिक फळ मिळेल. ‘एका गावात एक शेतकरी राहत होता, त्याला दोन मुले होती’ हा प्रारंभ घ्यावा. विद्यार्थी लिहितो : ‘वन फार्मर वॉज लिव्हिंग इन वन व्हिलेज. ही वॉज हॅविंग टू सन्स.’ याला चालू भूतकाळाचा चुकीचा वापर म्हणतात, आणि ‘हॅविंग’पुरते ते बरोबर आहे. पण पुढे घटना सुरू झाल्यावर तोच विद्यार्थी ‘वन डे ही वेंट टू द जंगल’ असे साध्या भूतकाळात लिहितो. पॉल हॉपर यांनी १९७९ मध्ये दाखविले की, अनेक भाषांत कथेचा कणा असलेल्या घटना आणि त्यांच्या मागचा पट यांना क्रियापदांची वेगवेगळी रूपे मिळतात. मराठीत हे काम पुष्कळदा ‘-त होता’ आणि ‘-ला’ या रूपांच्या भेदातून होते. विद्यार्थ्याला पट आणि घटना यांतील भेद कळला आहे. तो भेद इंग्रजीत दाखविण्यासाठी त्याने ‘-त होता’ला ‘वॉज’ व ‘-इंग’ यांची जोडी लावली आहे. ‘राहत होता’ या एकाच रूपात रीत आणि चालू क्रिया या दोन्ही सामावतात, इंग्रजी त्यांना वेगळे करते, एवढेच त्याला सांगावयाचे उरते. काळांचा संपूर्ण तक्ता पुन्हा पाठ करवून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या रीतीत तर हे आणखी स्पष्ट होते. ‘आजी म्हणाली की मी येणार नाही’ या मराठी वाक्यात ‘मी’ म्हणजे आजी. ‘की’ आले तरी बोलणाऱ्याचा पुरुष आणि काळ जसाच्या तसा राहतो. ‘शी टोल्ड दॅट आय विल नॉट कम’ हे त्याचेच इंग्रजी रूप आहे. विशेष असे की, हाच विद्यार्थी व्याकरणाच्या प्रश्नात अवतरणचिन्हांतील वाक्य अप्रत्यक्ष कथनात बिनचूक बदलून पूर्ण गुण मिळविताना दिसतो. नियम त्याला ठाऊक आहे. कथा सांगताना तो हाताशी येत नाही. अप्रत्यक्ष कथन हे दुसऱ्याचे बोलणे गोष्टीत आणण्याचे साधन आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वर्गात ते एक रूपांतराचे गणित म्हणून शिकविले जाते. येथे दोष मराठीचा किती आणि अध्यापनाचा किती, याचा निवाडा करण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याच्या दोन्ही उत्तरांची तुलना करावी लागेल. सहसा ती केली जात नाही.

‘-ऊन’ प्रत्ययाची गोष्टही पाहण्यासारखी आहे. ‘तो उठून, तोंड धुऊन, डबा घेऊन शाळेत गेला’ या वाक्यात मराठीला एकच पूर्ण क्रियापद पुरते. इंग्रजीत विद्यार्थी ‘अँड’ने चार क्रियापदे ओवतो आणि ‘अँडचा अतिवापर’ अशी नोंद होते. भाषांतराच्या जुन्या वळणावर शिकलेला विद्यार्थी मात्र ‘हॅविंग गॉट अप, हॅविंग वॉश्ड हिज फेस’ असे लिहितो. त्याच्या नावावर तक्त्यात एकही चूक पडत नाही, पण असे इंग्रजी कोणी गोष्ट सांगताना बोलत नाही. ‘अँड’ची माळ हा येथे अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. ‘व्हेन... दॅट टाइम’ ही जोडी ‘जेव्हा... तेव्हा’तून आली आहे, याबद्दल दुमत होऊ नये.

राहता राहिले भूतकाळातून मध्येच वर्तमानकाळात शिरणे. सर्वाधिक रेघा याखाली ओढल्या जातात. विल्यम लबॉव्ह व जोशुआ वालेत्स्की यांनी १९६७ मध्ये मौखिक अनुभवकथनांचा अभ्यास करून असे मांडले की, कथनात घटनांच्या क्रमाबरोबरच त्या घटना सांगण्याजोग्या का आहेत हे दाखविणारा एक भाग असतो. तो नसेल तर ऐकणारा ‘मग काय?’ असे विचारतो. डेबोरा शिफ्रिन यांनी १९८१ मध्ये इंग्रजी भाषकांच्याच बोलण्यातील कथने तपासून दाखविले की, वर्तमानकाळात शिरण्याचे हे वळण कथेतील घटनांच्या भागातच येते आणि सांगणारा त्यातून घटना ठळक करतो. मराठीला हे नवे नाही. ‘राजा दार उघडतो, बघतो तर काय!’ हे वळण प्रत्येक आजीच्या गोष्टीत असते. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनांना महाराष्ट्रभर गर्दी होत असे. त्यांपैकी शंकर पाटील तर याच जिल्ह्यातील पट्टणकोडोलीचे. गोष्ट रंगात आली की ती समोर घडू लागते, ही जाण येथील मुलाला शाळेत येण्यापूर्वीच असते. दुसऱ्या उताऱ्यात पाणी येते, आजी अडून बसते, म्हैस सोडली जाते, तोवर क्रियापदे भूतकाळात आहेत. सर्व जण पाण्यात उतरल्यावर ‘वी ऑल आर वॉकिंग’ असे येते. काळ येथेच बदलावा, याला कारण आहे.

अर्थात प्रत्येक वर्तमानकाळाला असे समर्थन देता येणार नाही. जेथे वाक्यावाक्याला काळ बदलतो, घटना आणि पट यांचा भेद राहत नाही, तेथे विद्यार्थ्याला भूतकाळाची रूपेच अवगत नाहीत असे म्हणावे लागते. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत आणखी एक शक्यता तपासण्याजोगी आहे. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या या मुलांच्या वाचनात येणारे बरेचसे इंग्रजी ‘वॉटर बॉइल्स’, ‘लाइट ट्रॅव्हल्स’ अशा कालातीत वर्तमानाचे असते. ज्या इंग्रजीचा सराव अधिक, ते कथेत उतरले तर त्याचे खापर मराठीवर फोडण्याचे कारण नाही. ‘होल्ड’ हे रूपही असेच संदिग्ध आहे. ते पुढच्या वर्तमानकाळाची सुरुवात असेल किंवा ‘हेल्ड’ ठाऊक नसेल. ‘अनटाइड’ हे नियमित रूप बरोबर आहे, ‘केम’ हे अनियमित रूपही बरोबर आहे. एका ‘होल्ड’वरून निर्णय देता येत नाही, आणि तक्ता मात्र तो देऊन मोकळा होतो.

कोणती मातृभाषा?

मातृभाषेच्या प्रभावाची चर्चा करताना मातृभाषा म्हणून पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी गृहीत धरली जाते. कोल्हापूर जिल्ह्यात तरी हे गृहीतक टिकणारे नाही. येथील मुली व स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास बोलतात, हे बाहेरून आलेल्या प्रत्येकाच्या प्रथम ध्यानात येते. चंदगडकडील बोली कोकणीच्या जवळ जाते. गडहिंग्लज, कागल आणि शिरोळच्या सीमेवर कन्नडचा शेजार आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या वस्त्यांतील अनेक मुलांच्या घरात मराठीखेरीज कन्नड, उर्दू, हिंदी अथवा मारवाडी बोलली जाते. अशा वर्गातील तीस-चाळीस उत्तरपत्रिका एकत्र करून ‘मराठी भाषक विद्यार्थी’ असे शीर्षक देणे सोयीचे असेल, पण मातृभाषा हे कारण देणाऱ्या अभ्यासाने मातृभाषेची साधी नोंदही न करणे हा क्षम्य दोष नव्हे. पुष्कळ वेळा प्रश्नावलीत वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न विचारलेले असते. घरात कोणती भाषा बोलली जाते हे विचारलेले नसते.

मूल्यमापनावरील परिणाम

हा वाद केवळ संशोधनपद्धतीचा असता तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु असे तक्ते शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत जातात, उपचारात्मक अध्यापनाच्या योजना त्यांवर आखल्या जातात, आणि उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकाच्या मनात हेच रकाने तयार असतात. सातारा, सांगली व कोल्हापूर हे तीन जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. त्यांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. तिच्यात त्याला स्वतःचे काही सांगण्याची संधी मिळते ती पत्र आणि कथा अशा मोजक्या प्रश्नांत. तेथे लाल रेघांची संख्या गुण ठरवू लागली की, शिक्षक आपल्या मुलांच्या हितासाठीच सांगतात : वाक्ये लहान करा, येते तेवढेच लिहा, पाठ केलेली गोष्ट घाला. हा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही, कारण त्याने गुण मिळतात. शाक्टर यांनी ज्याला टाळणे म्हटले ते आपण शिकवू लागतो. पुराची कथा लिहू शकणारी मुलगी शेतकऱ्याच्या चार मुलांकडे वळते आणि पुढे महाविद्यालयात आल्यावर तिला स्वतःचे एक वाक्य रचता येत नाही म्हणून आपणच तक्रार करतो.

चुका दुरुस्त करू नयेत, असा याचा अर्थ नाही. ‘होल्ड’चे ‘हेल्ड’ झालेच पाहिजे आणि ‘टोल्ड दॅट आय’ हेही सुटले पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. कथनाचा प्रवाह ज्यामुळे तुटतो, कोण बोलतो, केव्हा घडले, कोणती म्हैस हे ज्यामुळे कळेनासे होते, त्या चुका आधी, बाकीच्या नंतर. कथेच्या गुणांत घटनांची गुंफण आणि भाषेची शुद्धता यांना वेगळे स्थान दिले, तर परीक्षकाला हा क्रम पाळता येईल. केवळ शुद्धतेवर भर देणारा परीक्षक स्वतःचे काम सोपे करतो, एवढेच म्हणता येईल. एका सत्रात त्याच्यापुढे किती उत्तरपत्रिका येतात हे पाहता त्याला दोष देणेही कठीण आहे.

अभ्यासकाला मात्र ही सबब नाही. त्याच्याकडे वेळ असतो आणि नमुने थोडे असतात. एकाच विद्यार्थ्याकडून एकच प्रसंग प्रथम मराठीत तोंडी सांगून घ्यावा, तो ध्वनिमुद्रित करावा. काही दिवसांनी तोच प्रसंग इंग्रजीत लिहून घ्यावा. दोन्ही कथने उपवाक्यागणिक समोरासमोर मांडावीत. मराठीत ‘-त होता’ कोठे आले, इंग्रजीत तेथे काय आले. मराठीत काळ कोठे बदलला, इंग्रजीत कोठे बदलला. मराठीत जे सांगितले ते इंग्रजीत कोठे गळले. या शेवटच्या रकान्यात विद्यार्थ्याने टाळलेल्या रचना प्रथमच दिसू लागतील. त्यानंतर त्याच्याशेजारी बसून चार-दोन संदिग्ध रूपांबद्दल त्याला विचारावे. शंभर विद्यार्थ्यांऐवजी दहाच घेता येतील आणि शेकडेवारीचा तक्ता करता येणार नाही. घरातील भाषेची नोंद पहिल्याच पानावर, विद्यार्थ्याच्या इयत्तेच्या आधी, करावी.